नव्वद मिनिटांचे ते वर्ष

ज्या वर्षाविषयी मी लिहिणार आहे ते संपल्यावर लगेचच, जानेवारीत, मी माझी एक चूक माझ्या मित्राच्या माथी मारली आणि पुढे दहा-एक वर्षे ती तिथेच राहू दिली. शाळेत, घरी, नातेवाइकांत, कोणालाही मी हे सांगितले नव्हते. मित्राला सांगण्याचा प्रश्न नव्हता. त्याला ते माहीतच होते. आणि त्याला माहीत आहे हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी त्या विषयाच्या आसपास फिरकत नसे.

हे आधी लिहून ठेवतो, कारण यापुढे जे येणार आहे ते बहुतेक सुखाचे आहे. त्या वर्षाने मला जे दिले त्याची आठवण झाली की आजही पहिल्यांदा मनात कृतज्ञताच येते. त्या कृतज्ञतेवर माझा हक्क किती, हे वाचणाऱ्याने सगळे ऐकून घेऊन ठरवावे.

नव्वदचे दशक उतरणीला लागले होते. मी मूळचा डिंगोऱ्याचा, पिढीजात शेतकरी घरातला. घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मला तात्पुरती नेमणूक मिळाली आणि मी मंचरला खोली घेतली. सकाळी एसटीने शाळेत जायचे, संध्याकाळी परतायचे, एवढाच दिनक्रम. खोलीच्या बरोबर खाली, हमरस्त्याला लागून, एक दुकान होते. तिथे लाऊडस्पीकर भाड्याने मिळत आणि कोऱ्या कॅसेटमध्ये हवी ती गाणी भरून मिळत.

पहिल्याच रविवारी दुपारी खालून असा काही आवाज सुरू झाला की खिडकीची काच थरथरू लागली. मी तक्रार करायला खाली उतरलो. माझा आवाज जन्मापासून लहान. वर्गातही मागच्या बाकांपर्यंत तो पोचावा म्हणून मी मधल्या रांगेत उभा राहून शिकवीत असे. दुकानात माझ्याच वयाचा एक तरुण स्पीकरच्या मोठ्या बॉक्ससमोर उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकत होता. मी काहीतरी बोललो. त्याने हात कानामागे नेला.

"काय म्हनता पावणं? तोंडातल्या तोंडात काय बोलता राव? जवळ या, मोठ्यानं बोला."

मी पुन्हा बोललो. त्याने टेप बंद केला आणि एकाएकी पसरलेल्या शांततेत म्हणाला, "हां. आता बोला."

वर खोलीत मी वाक्ये जुळवून आलो होतो. पण तोंडून निघाले ते, "हे काय वाजत होतं?"

"जड गानी," तो म्हणाला.

त्याने सांगितलेले कारण धंद्यातले होते. बॉक्सचा फाटलेला कागदी कोन बदलला की तो नीट बसला का, हे तपासावे लागे. सनई किंवा सिनेमातले गाणे लावून ते कळत नसे. ज्यात ढोल, गिटारी आणि ओरडणे सारे एकदम आणि सतत चालू असते, असेच संगीत त्यासाठी लागे. "ह्यात बॉक्स टिकला म्हंजी लग्नाच्या शीजनभर टिकतो," तो म्हणाला. पुण्याला बुधवार पेठेत सुटे भाग आणायला जाई तेव्हा फुटपाथवरून तो अशा परदेशी कॅसेटी उचलून आणायचा. वेष्टनांवर कवट्या, ज्वाळा, काटेरी अक्षरे. तपासणीसाठी आणलेली ती गाणी हळूहळू त्याला आवडू लागली होती. पण ही आवड कोणाला सांगावी असा माणूस मंचरात त्याला भेटला नव्हता. दुकानातल्या फळीवर कॅसेटींचे कप्पे होते: भक्तिगीते, लग्नाची, लावण्या आणि शेवटच्या कप्प्यावर खडूने लिहिलेले 'जड'.

मी त्या दिवशी तक्रार केलीच नाही. पुढच्या रविवारी पुन्हा खाली गेलो, मग रोजच जाऊ लागलो. काही दिवसांतच 'तुमी' गळून पडले आणि आम्ही एकमेकांना अरे-तुरे करू लागलो.

आम्हा दोघांनाही त्या गाण्यांची नावे नीट उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही ती आमच्या सोयीने ठेवली. एका गाण्यातला गायक श्वास न घेता इतक्या वेगाने शब्द फेकायचा की त्याचे नाव पडले 'लिलाव'. मंचरच्या बाजारात बटाट्याचा लिलाव ऐकलेल्या कोणालाही ते पटले असते. एक होते अतिशय संथ, थंडगार, जणू प्रत्येक सूर भिंतीला टेकून उभा आहे; ते 'कोल्ड स्टोरेज'. एक खूप वेळ हळूहळू चढत जाई आणि माथ्यावर पोचले की ब्रेक निकामी झाल्यासारखे खाली धावत सुटे, ते 'घाट'. आणि सगळ्यांत लाडके होते 'मळणी'. त्यातले ढोल ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्रासारखे चालत, एकही दाणा न सोडता.

शिक्षक असल्यामुळे शब्दांचा अर्थ लावण्याचे काम माझ्याकडे होते. वेष्टनाच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत गाणी छापलेली असत. मी शब्दकोश घेऊन बसे. पाहतो तर त्या काटेरी अक्षरांआड युद्धावर पाठवलेली मुले होती, बंद पडलेल्या गिरण्या होत्या, दारू पिणारे बाप होते, आणि कोणी आपले ऐकत नाही म्हणून एका खोलीत बसलेली माणसे होती. एकदा मी 'कोल्ड स्टोरेज'चा अर्थ मराठीत वाचून दाखवला. मित्राने तो मन लावून ऐकला आणि म्हणाला, "म्हंजी ह्यो रडतोयच की. फक्त मोठ्यानं."

संगीताविषयी याहून नेमके वाक्य मी नंतर कुठे वाचले नाही. मला स्वतःला मोठ्याने काहीच येत नव्हते, ना रडणे ना रागावणे. कदाचित म्हणूनच ते संगीत मला हवेसे झाले असावे. दिवसभर शाळेत वरिष्ठांपुढे 'हो साहेब' म्हणून आलेला मी संध्याकाळी त्या बॉक्ससमोर बसे, आणि माझ्या वतीने कोणीतरी ओरडून घेई.

त्या दुकानाची खरी सुरुवात मित्राच्या वडिलांनी केली होती. त्यांना सगळे दादा म्हणत. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारलेले ते घर. थोडी शेती, आणि दादांची गायन पार्टी. गावोगावच्या जयंत्यांना गाता गाता त्यांनी एक कर्णा आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आणि त्यातून पुढचा धंदा उभा राहिला. दादा दुपारी दुकानात येऊन बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर बसत आणि आमची जड गाणी सहन करीत.

"ह्याला कुनी मारलंय का रं?" एकदा त्यांनी विचारले.

"गातोय तो, दादा."

"घसा बसलाय त्याचा. हळद टाकून दूध द्या म्हणावं त्याला." मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, "पर मागचा ढोलवाला माणूस कष्टाळू हाय."

चैत्रातल्या एका यात्रेत दादांनी आम्हा दोघांना तमाशाला नेले, तेही बरोबर ढोलकीसमोर बसवायला. फडाचा ढोलकीवाला वृद्ध होता. एका लावणीच्या शेवटी त्याने हात असा काही सोडला की पुढच्या रांगेतली माणसे बसल्या जागी डोलू लागली. मित्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ. आपला जडवाला दोन पाय, दोन हात लावतो. ह्यो दोन पंज्यांत उरकतो." परतताना दादा एवढेच म्हणाले की जे कानाला गोड लागते ते आणि जे छातीला लागते ते, दोन्ही ऐकावे. त्या वर्षीच्या माझ्या करमणुकीत ती संध्याकाळ फार वरच्या जागी आहे. यात्रेतल्या तंबूतला सिनेमा, सामन्याच्या दिवशी दुकानाच्या दारात मांडलेला टीव्ही आणि त्यासमोर उभी राहिलेली निम्मी पेठ, हे सारे तिच्या खालचे.

त्या वर्षी आम्ही एक प्रघात पाडला. वर्षभरात ऐकलेल्यातले जे सर्वांत आवडले ते डिसेंबरात एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये भरायचे. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू त्याची, एक माझी. प्रत्येकाच्या बाजूचा क्रम तोच ठरवणार, पण दुसऱ्याला एका गाण्यावर काट मारण्याचा अधिकार. आणि सगळ्यात शेवटी, बी बाजूच्या टोकाला, एक तरी गाणे जड नसलेले असावे, म्हणजे ऐकणारा घरी पोचतो. हा नियम दादांचा.

त्या वर्षीच्या कॅसेटची एक गंमत आहे. 'मळणी' भरायला घेतले आणि वीज गेली. मंचरात तेव्हा वीज जाणे काही नवे नव्हते. मित्राने मूळ कॅसेट लाऊडस्पीकरच्या मोठ्या बॅटरीवर लावली आणि भरून घेणारा टेप साध्या सेलवर. सेल उतरत आलेले होते, हे आमच्या ध्यानात आले नाही. भरणारा टेप हळू फिरत राहिला, त्यामुळे वीज आल्यावर आमची प्रत वाजवली तेव्हा गाणे मुळापेक्षा कितीतरी वेगाने धावू लागले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुन्हा भरून घेण्याआधीच मूळ कॅसेट ज्याची होती त्या पुण्याच्या विक्रेत्याकडे बदल्यात परत गेली, आणि आमच्यापुरते 'मळणी' कायमचे तसेच झाले: दुपटीने चालणारे, घाईला आलेले, पावसाआधी रान उरकणारे.

एकतीस डिसेंबरला कॅसेट पूर्ण झाली. बी बाजूच्या शेवटी आम्ही दादांना पेटी घेऊन बसवले आणि त्यांनी स्वतः रचलेले, पाणवठ्यावरचे एक गाणे गायले. गाणे संपल्यावर टेप बंद करायला मित्राला उशीर झाला, त्यामुळे दादांचे "झालं का रं?" हेही त्यात आले. मी वेष्टनावर वर्ष लिहिले, खाली दोघांच्या नावांची पहिली अक्षरे. इतकी पूर्ण वाटलेली दुसरी वस्तू मी आयुष्यात केलेली नाही.

आता ती जानेवारीची संध्याकाळ.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन माझ्याकडे होते आणि साउंडचे काम मी मित्राला मिळवून दिले होते. त्याच्यासाठी ती भाड्याची साधी वर्दी नव्हती. "शाळेचं काम म्हंजी वर्साचं बांधलेलं काम," तो म्हणे. "लग्नाचं काय, एकदा लागलं की झालं. ह्या शाळेचं नीट झालं तर संस्थेच्या बाकीच्या शाळा मिळत्याल." त्या एका आशेवर त्याने नवे बॉक्स बांधून घेतले होते. ते त्याने मंचाच्या दोन्ही बाजूंना लावले, तारा चटईखालून नेल्या, आणि दुपारपासून एकही खरखर येऊ दिली नाही.

मधेच कार्यक्रम अडला. लेझीमच्या मुलांचे फेटे बांधून झाले नव्हते. पालक चुळबुळ करू लागले. मंचावर संस्थेचे अध्यक्ष आणि पाहुणे बसले होते. मी साउंडच्या टेबलाशी गेलो. माझ्या खिशात आमची कॅसेट होती. खरे सांगायचे तर ती मी सकाळीच मुद्दाम खिशात घातली होती. त्या नव्या बॉक्सवर, त्या डोंगरासमोर, 'मळणी' कसे वाजेल हे मला ऐकायचे होते.

"हे लाव ना," मी म्हणालो.

"हितं नको राव. म्हाताऱ्याकोताऱ्या बसल्यात फुडं. हे दुकानात बरंय."

"एकच मिनिट. फेटे होईपर्यंत."

"कुनी बोललं तर?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

त्याने लावले. ते मिनिट मी विसरलेलो नाही. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला, आणि एका क्षणासाठी मला वाटले की मीच एवढ्या मोठ्याने बोलतो आहे. मोठ्या वर्गातली मुले उठून उड्या मारू लागली. मंचामागे एक बैलगाडी सोडलेली होती. मंडपवाल्याने मागच्या पडद्याची दोरी तिच्या चाकाला बांधली होती आणि बैल गाडीलाच बांधलेले होते. ते बिथरले, गाडी ओढली गेली, हिसक्यासरशी दोरी तुटली, आणि शाळेचे नाव लिहिलेला तो भलामोठा पडदा अध्यक्षांसह सर्व पाहुण्यांच्या डोक्यावर पसरला. कोणाला काही लागले नाही. लोक हसले. हसले, हेच वाईट झाले.

अध्यक्ष पडद्याखालून बाहेर आले तेव्हा त्यांची टोपी वाकडी झाली होती.

"कुनी लावलं हे?"

कार्यक्रम माझ्याकडे होता, म्हणून ते माझ्याकडे पाहत होते. माझी नेमणूक कायम करण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी जायचा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होते एवढेच सांगतो.

"साउंडवाल्यानं लावलं असेल," मी म्हणालो. "मी बघतो, साहेब."

ते त्यांना तत्काळ पटले. "ह्या लोकांचं हे असंच," ते म्हणाले. 'ह्या लोकांचं' म्हणजे कोणाचे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजले. मलाही समजले. डिंगोऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा म्हणून माझा शब्द तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि त्याचा शब्द कोणी विचारलाच नाही. "माइकवर माफी मागायला लावा त्याला," असे सांगून अध्यक्ष खुर्चीवर बसले.

तो निरोप मला न्यावा लागला. मित्राने कॅसेट केव्हाच काढली होती. मी निरोप सांगितला. तो माझ्याकडे पाहत थोडा वेळ थांबला. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता. मी माइकच्या तारेकडे पाहत होतो. मग त्याने माइक हातात घेतला.

"हॅलो. चुकीची कॅसेट लागली. चूक माझी हाय. सगळ्यांनी माफ करावं."

त्याने माइक माझ्याकडे दिला, आणि मी, माझ्या सर्वांत शुद्ध भाषेत, लेझीमपथकाचे स्वागत केले.

रात्र पडायच्या आत सगळे आटोपले. तो तारा गुंडाळत होता. मी जवळ जाऊन "अरे, मी..." असे सुरू केले.

"सर, तेवढं टेबल धरता का जरा," तो म्हणाला. टेबल टेम्पोत चढवून झाल्यावर त्याने खिशातून कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

त्या दिवसापासून मी त्याचा 'सर' झालो. मंचरात कुठेही भेटला तरी हसून बोले, चहा विचारी, पण तो एक शब्द आमच्यामध्ये ठेवून. शाळेचे काम पुढच्या वर्षी दुसऱ्याला गेले. संस्थेच्या बाकीच्या शाळांपर्यंत त्याचे नाव पोचले, पण ते पडदा पाडणारा म्हणून. नवे बॉक्स त्याने लग्नांना वापरले. जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली आणि मी खोली सोडून घोडेगावला राहायला गेलो. जवळ पडते, असे मी सर्वांना सांगितले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो घोडेगावच्या बसस्थानकावर मला भेटला. तहसील कचेरीत काहीतरी काम होते त्याचे. त्याने पिशवीतून एक नव्वदची कॅसेट काढली. "ए साईड भरलीय. बी साईड तुमी भरा, सर," एवढेच बोलून तो मंचरच्या गाडीत चढला. घरी येऊन मी ए बाजू ऐकली. फार चांगली होती. निवडताना त्याने माझ्या आवडीचा विचार केलेला जागोजाग दिसत होता. बी बाजू मी कोरीच ठेवली. ती भरायची म्हणजे त्याच्या दुकानात जाऊन बसायचे, आणि बसायचे म्हणजे बोलायचे. (ती आता भरलेली आहे, हे इथेच सांगून ठेवतो.)

वर्षे गेली. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग शाळेत संगणक आला. एका दुपारी मोकळ्या तासाला मी त्यावर 'मळणी' शोधून काढले. त्याचे खरे नाव मला तेव्हा नीट कळले. मूळ गाणे कसे होते हे मी विसरूनच गेलो होतो. वाजवले आणि चकित झालो. मूळ गाणे कितीतरी संथ होते. गंभीर, सावकाश पावले टाकणारे, जवळजवळ दुःखी. इतकी वर्षे जे सर्वांत वेगवान म्हणून माझ्या कानात बसले होते, ते उतरलेल्या सेलांनी घडवलेले होते, आणि ते जगात फक्त आमच्या एका कॅसेटवर होते. मी एकटाच हसलो. मग ही गोष्ट कोणाला तरी सांगावी असे वाटले, आणि ध्यानात आले की ती कळेल असा माणूस जगात एकच आहे.

त्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाच्या बैठकीत साउंडचा विषय निघाला. सांस्कृतिक विभाग तोवर माझ्याकडे आला होता. मी मित्राचे नाव सुचवले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ते मंचरचे? त्यांनीच मागं राडा केला व्हता ना? पडदा पाडला व्हता बघा अध्यक्षांच्या अंगावर."

"कॅसेट मी दिली होती," मी म्हणालो.

मुख्याध्यापिका बाईंनी मान पुढे केली. "काय म्हणालात, सर?"

मला ते पुन्हा सांगावे लागले. कॅसेट माझी होती, तो नको म्हणत होता, आणि विचारले तेव्हा मी त्याच्यावर ढकलले. ज्येष्ठ सहकारी हसू लागले. "म्हंजी पडदा तुमी पाडला व्हय? आन् आमी एवढी वर्सं त्या बिचाऱ्याच्या नावानं..." तिथे त्यांचे हसणे थांबले. ते टेबलाकडे पाहू लागले. अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्यापुढे हे बोलण्याची वेळ मी घालवली होती. बाई म्हणाल्या, "बोलवा त्यांना."

फोनवर त्याने फारसे विचारले नाही. "कुठल्या तारखेला, सर?" आणि "येतो."

तो आला तेव्हा त्याच्या कानशिलांवर पांढरे दिसू लागले होते. बरोबर दोन माणसे, दिव्यांचे मिक्सर, उंच बॉक्स. दादा थकले आहेत पण गातात, असे त्याने सांगितले. मी 'मळणी'ची हकिगत सांगायला सुरुवात केली आणि थांबलो. आधीचे बाकी असताना ती सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

दुपार होती. शिपाई खुर्च्या मांडत होते, मुली फुलांच्या वेण्या घेऊन वर्गाच्या दारात उभ्या होत्या, मुख्याध्यापिका लिंबाखाली कोणाशी बोलत होत्या. मित्राने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टेबल लावले आणि हाक दिली.

"सर, जरा माइकवर बोला. लेव्हल घ्यायचीय."

मी मंचावर गेलो. माइक तोच नव्हता, पण जागा तीच होती. इथे उभे राहून त्याने माझ्या वाटची माफी मागितली होती. काही दिवस मी वाक्ये जुळवीत होतो. त्यांतले एकही आठवेना.

"मला तुझी माफी मागायची आहे," मी म्हणालो.

बॉक्समधून ते अगदी पुसट निघाले. खुर्च्या मांडणाऱ्या शिपायाने मान वर करून पुन्हा खाली घातली. मित्र मिक्सरवर वाकलेला होता. त्याची बोटे एका बटणावर थांबली. मग मान वर न करता तो बोलला, आणि त्याचा आवाज, कोणत्याही माइकशिवाय, मैदानभर नीट पोचला.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतो राव? जवळ ये. मोठ्यानं बोल."

मी माइकच्या जवळ सरकलो. मुली बोलायच्या थांबल्या. समोर डोंगर होता. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोललो:

"त्या दिवशी ती कॅसेट मी दिली होती. तू नको म्हणत होतास. मी आहे ना, असं मी म्हणालो, आणि विचारलं तेव्हा मी नव्हतो. इथे उभं राहून माफी तू मागितलीस, ती मी मागायची होती. माझं चुकलं. मला माफ कर."